पंचमध्ये जोर यायला वेट ट्रेनिंग करावं का? कोच नको म्हणतात

डिचोलीचा_साउथपॉ

नमस्कार मंडळी. वय १९, ६० किलोत खेळतो, डावखुरा. कॉलेज सुटलं की कदंबा पकडून म्हापशाला क्लासला जातो, रात्री घरी.

प्रॉब्लेम असा की माझा पंच लागतो पण बसत नाही. म्हणजे जज पॉइंट देतात, पण समोरच्याला काही होतच नाही, खातो आणि पुढे येतो. गेल्या स्पर्धेत सेमीला एका पोराने माझे लेफ्ट स्ट्रेट एकामागून एक तोंडावर घेतले आणि वर हसला, मग तिसऱ्या राउंडला तोच मला दोरांवर दाबून मारत होता. रेफ्रीने मला आठची मोजणी (जोरात लागलेल्याला सावरायला आठपर्यंत मोजतात ती) दिली, त्याला एकदाही नाही.

आता कोच जुन्या पठडीतले. म्हणतात वेट उचललंस तर खांदे आखडतील, हात जड होतील, पळ, दोरी मार, जोर-बैठका काढ. आणि घराजवळच्या जिमचा ट्रेनर म्हणतो बेंच प्रेस वाढव, छाती भरली की पंच आपोआप येतो. दोघांचं ऐकून डोकं आउट झालंय. शिवाय वजनाची भीती वेगळीच, मी ६० वर कसाबसा टिकतो, चतुर्थीला चार नेवऱ्या जास्त खाल्ल्या तरी काटा बोलतो. वेट मारून ६२-६३ झालो तर वरच्या गटात उंच पोरं माझी वाट बघत असतील.

कोणी खरंच करून बघितलंय का? हातात डंबेल घेऊन शॅडो करतात, म्हणजे हवेत पंच मारतात, त्याचा काही उपयोग?

पात्रांव_म्हापसा

आयक रे, कोच सांगतो ते कर. पंच जन्मतःच असतो नाहीतर नसतो. हेवीवेटवाल्या डिऑन्टे वाइल्डरचे पाय बघ, अगरबत्तीच्या काड्या. टायसन फ्युरीकडून हरेपर्यंत ४२ फाइट जिंकला त्यातल्या ४१ नॉकआउट. टॉमी हर्न्स बघ, ६ फूट १ इंच उंच, अंगावर मांस नाही, १९८० ला पिपिनो क्वेवासला दुसऱ्याच राउंडला झोपवला. आणि जिममधले ते फुगे बघ, बॅगवर दोन मिनिटं मारली की तोंडाला फेस. विषय संपला.

जुना_वेल्टर

विषय संपला नाही पात्रांव, पण वाइल्डरकडे नंतर येतो.

साउथपॉ, आधी एक काम कर. मित्राला सांग बाजूने मोबाइल धर आणि बॅगवर दहा लेफ्ट स्ट्रेट मार, फुल जोरात. मग व्हिडिओ स्लो करून फक्त मागचा पाय बघ, हात बघूच नको. टाच उचलून बाहेर फिरते का, की पाय तसाच जमिनीला चिकटलेला आणि नुसता खांदा पुढे जातो? "पंच लागतो पण बसत नाही" म्हणणाऱ्या बहुतेक पोरांचं दुखणं तिथेच असतं, आणि ते कुठल्याही वेटने बरं होत नाही.

कारण पंच जमिनीतून येतो हे सगळे कोच म्हणतात पण ते किती खरं आहे याचे आकडे आहेत. १९८५ चा एक सोव्हिएत अभ्यास आहे, वेगवेगळ्या दर्जाचे १२० बॉक्सर घेऊन पंचच्या जोरात कशाचा किती वाटा ते त्यांनी काढलं. वरच्या दर्जाच्या बॉक्सरांत मागच्या पायाच्या ढकलण्याचा वाटा साधारण ३८ टक्के, धड फिरण्याचा ३७, आणि हात सरळ होण्याचा फक्त २४. खालच्या दर्जाच्या पोरांत हाताचा ३८ आणि पायाचा जेमतेम १६-१७. म्हणजे नवखा हाताने मारतो आणि मुरलेला पायाने. आता सांग, तुझा जिमवाला बेंच प्रेस वाढवून नक्की काय वाढवतोय? तो चोवीस टक्क्यांवर काम करतोय आणि पैसे पूर्ण घेतोय.

पण म्हणून बेंच अगदी फुकट असंही नाही हां. २०१६ ला ब्राझीलच्या राष्ट्रीय टीमच्या बॉक्सरांवर एक अभ्यास छापून आला, त्यात ज्यांची जंप स्क्वॉटची (वजन घेऊन बैठकीतून उडी) आणि बेंच थ्रोची (आडवं पडून छातीवरून बार झटक्यात फेकणं) पॉवर जास्त त्यांचा पंचही जोरात, असा चांगला जवळचा संबंध निघाला. लक्ष दे, पॉवर. किती किलो उचललं एवढंच नाही, किती वेगाने ढकललं तेही. अर्थात संबंध दिसला म्हणजे बेंच थ्रो केल्यानेच पंच वाढला असं होत नाही, हे आपलं आपण समजून घ्यायचं. तरी सगळेच्या सगळे राष्ट्रीय दर्जाचे, म्हणजे टेक्निक सगळ्यांचंच बऱ्यापैकी, आणि तरीही ताकदवाला जास्त जोरात मारतो, याला काहीतरी अर्थ आहे.

आता कोच म्हणतात ते "हात जड होतात" कुठून आलं ते पण ऐक, कारण ते हवेतून आलेलं नाही. स्नायूला आपली पूर्ण ताकद लावायला साधारण ०.३ सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ लागतो. पंच त्याच्या आधीच पोचलेला असतो. म्हणजे तू १५० किलोचा स्क्वॉट मारत असशील पण ती ताकद हळूहळू चढत असेल तर रिंगमध्ये तुझ्या काही कामाची नाही. त्यात बॉडीबिल्डिंगवाल्यांसारखं बारा-पंधरा रेप्स (एका सेटला तेवढ्या वेळा उचलणं), जीव जाईपर्यंत, आज छाती उद्या बायसेप असं केलंस तर अंग सतत दुखतं, वजन वाढतं, आणि पॅड्सवर हात खरंच जड वाटतात. जुन्या कोचांनी हेच बघितलंय, त्यांच्यासमोर वेट म्हणजे हेच होतं.

दुसरी गोष्ट, जोरात मारणारा माणूस पूर्ण वेळ आवळलेला नसतो. कॅनडाच्या स्टुअर्ट मॅकगिल यांनी २०१० ला एमएमए फायटर्सच्या स्नायूंचे सिग्नल मोजले, तर दोन टोकं दिसली. सुरुवातीला एक झटका, मग मध्ये सैल, म्हणून हात वेगात जातो, आणि नेमकं लागताना परत सगळं अंग कडक, म्हणून मागचं वजन पंचात उतरतं. तू हसणाऱ्या त्या पोराला मारलेस ते पंच लागताना तुझं पोट आणि मनगट सैल असणार, पैज लावतो.

करायचं काय तर आठवड्याला दोन दिवस, त्याहून जास्त नको. एक जड खालचं, म्हणजे स्क्वॉट (खांद्यावर बार घेऊन बैठक) किंवा डेडलिफ्ट (जमिनीवरून बार उचलणं), सेटला ३ ते ५ रेप्स, तीन-चार सेट, मध्ये दोन-तीन मिनिटं चक्क बसून राहायचं, आणि दोन रेप्स शिल्लक असतानाच बार ठेवायचा. वर जाताना जमेल तेवढ्या झटक्यात. मग एका पायाचं काहीतरी, स्प्लिट स्क्वॉट चांगला. पुल-अप किंवा रो, कारण पंच परत पण आणायचा असतो आणि हात बाहेर फेकला की त्याला ब्रेक पाठ लावते. लँडमाइन प्रेस, म्हणजे बारचं एक टोक कोपऱ्यात टेकवून दुसरं एका हाताने वर ढकलायचं, तो पाय-कंबर-खांदा एका रेषेत आणतो. आणि सगळ्याच्या आधी, अंग ताजं असताना, मेडिसिन बॉल. ३-४ किलोचा, स्टान्समध्ये उभं राहून कंबरेतून फिरवून भिंतीवर, एका बाजूला चार-पाच, प्रत्येक थ्रो शेवटचा असल्यासारखा. दमलास की थांब, दमून मारलेला थ्रो म्हणजे कार्डिओ. आणि घरच्या गडग्यावर मारू नकोस, आमच्याकडे एकाने चिरेच निखळवले आणि शेजाऱ्याशी भांडण झालं ते वेगळं.

वाइल्डर. तो ६ फूट ७ इंच आहे पात्रांव, हात किती लांब ते बघ, आणि त्याच्यासारखा टायमिंगवाला शतकात एखादा. ज्याला लॉटरी लागली त्याला विचारून धंदा करायचा नसतो.

निळा_कोपरा

मी मुलगी आहे, ५४ ला खेळते, मडगाव साइड. वर जुना_वेल्टरनी लिहिलंय त्यातलं बहुतेक मी करते म्हणून फक्त दोन गोष्टी, ज्या कोणी सांगत नाही.

पहिली वजनाची. वेट उचलल्याने वजन वाढत नाही, जास्त खाल्ल्याने वाढतं. सुरुवातीचे काही आठवडे तर ताकद वाढते ती मुख्यतः मेंदू आणि नसांमुळे, म्हणजे आहेत तेच स्नायू जास्त आणि लवकर कामाला लागतात. माझा डेडलिफ्ट स्वतःच्या वजनाच्या दीडपटीवर गेला तेव्हा मी ५४ च होते. पण घरी काय होतं, जिमला जाते कळल्यावर आई ताटात भात वाढवते, हुमणाचे दोन बांगडे जास्त, आणि जिमवाला प्रोटीनचा डबा गळ्यात मारतो. मग दोन किलो वाढतात आणि नाव वेटचं होतं. बांगडे खा, भात मोजून. तुझा ६० चा गट सुटणार नाही.

दुसरी टाइमटेबलची, ही जास्त महत्त्वाची. जड पायाच्या व्यायामाच्या दुसऱ्या दिवशी स्पॅरिंग (सरावाची लढत) कधीच ठेवू नको. मांड्या भरलेल्या असतात, पाय उचलत नाही, समोरची येते आणि तू तिथेच उभी. मला एकदा जिमवाल्याने लेग डे दिला आणि दुसऱ्या संध्याकाळी स्पॅरिंग, पॅडवाले सर विचारत होते तू आजारी आहेस काय. आता मी स्पॅरिंगच्याच दिवशी, स्पॅरिंग झाल्यावर, थोडं खाऊन वेट करते. जड ते सगळं एका दिवशी, दुसरा दिवस हलका, शॅडो आणि दोरी बस. आणि एप्रिल-मे मध्ये तर आपल्याकडे दमटपणा असला असतो की वॉर्मअपलाच टीशर्ट पिळून निघतो, तेव्हा वेटचे सेट कमीच ठेव, पाणी आणि मीठ बघ.

स्पर्धेच्या आधी शेवटचे आठ-दहा दिवस सेट अर्धे कर. वजन बारवर तेवढंच ठेव, फक्त कमी वेळा उचल. शेवटचे तीन-चार दिवस बार हातात पण घेऊ नको, तसंही तेव्हा काट्याचं टेन्शन पुरेसं असतं.

ता.क. पात्रांवने वाइल्डरचं सांगितलं पण अर्धंच. २०१८ ला फ्युरीशी ड्रॉ झाली तेव्हा तो २१२.५ पौंड होता, २०२० ला २३१ पौंडांवर आला आणि सातव्या राउंडला संपला. आणि नंतर म्हणाला की रिंगमध्ये येताना घातलेला पोशाखच ४० पौंडांचा होता, पायातला जीव गेला 😄 म्हणजे पाय गेले की पंच गेला हे खुद्द वाइल्डरचंच म्हणणं.

पात्रांव_म्हापसा

हा हा बरं. पण मग वजन वाढवून तो हरलाच ना, म्हणजे माझाच मुद्दा 😛

जुना_वेल्टर

वजन वाढवून जिंकलेला पण आहे. इव्हँडर होलीफील्ड. १९० पौंडांच्या क्रूझरवेटमधून १९८८ ला हेवीवेटला आला, आठ वेळा मिस्टर ऑलिंपिया झालेला ली हेनी त्याच्या ट्रेनिंगला होता, तेव्हा सगळे नाकं मुरडत होते की बॉडीबिल्डरकडून बॉक्सर काय शिकणार. १९९० ला तेव्हाच्या हेवीवेट चॅम्पियन बस्टर डग्लसला तिसऱ्या राउंडला आडवा केला. पण एका माणसावरून काहीच ठरत नाही, ना तुझ्या वाइल्डरवरून ना माझ्या होलीफील्डवरून.

वास्कोतला_कोल्हापूरकर

पोरांनो, मी बॉक्सर नाही, तालमीतला आहे, नोकरीमुळे निम्मं आयुष्य वास्कोत गेलं. कोचांच्या बाजूने दोन शब्द बोलतो. जोर-बैठका म्हणजे वेट नाही असं कोण म्हणतं? स्वतःचं अंग उचलणं हे वजनच आहे. फक्त त्याला मर्यादा आहे. पोरगा पाचशे बैठका मारायला लागला की त्यापुढे दम वाढतो, ताकद नाही. तालमीत म्हणूनच खांद्यावर जोडीदार घेऊन बैठका मारायचे, मुद्गल फिरवायचे. मुद्गल डोक्यामागून काढून पुढे आणताना कंबर, पाठ आणि मूठ एकदम कामाला लागते, तुमच्या त्या मेडिसिन बॉलच्या आधीपासून आहे हे. पण जड मुद्गल पोराने पहिल्या दिवशी उचलला तर वस्ताद कानाखाली द्यायचे. कोचांना तसंच काहीसं म्हणायचं असेल, तू १९ चा आहेस, अजून लेफ्ट सरळ जातोय का ते बघतायत.

डिचोलीचा_साउथपॉ

सगळ्यांना थँक्यू, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं.

व्हिडिओ काढला. जुना_वेल्टर दादा, टाच अजिबात फिरत नाही. उलट पंच लागताना मागचा पाय हवेत, म्हणजे मी पुढे पडतोय. अजून एक दिसलं, बॅग माझ्या पंचने लांब झोके घेत जाते, आणि क्लासमध्ये ७१ ला खेळणारा एक दादा आहे तो मारतो तेव्हा बॅग जागच्या जागी धडकन वाकते, फारशी हलत नाही. मी समजत होतो जास्त हलली म्हणजे जास्त जोर.

काका, कोच खरंच तसं म्हणत असतील. पण ते बोलतात कमी आणि ओरडतात जास्त 🙏

डंबेलचं कोणी सांगितलंच नाही. आणि डाव्या मनगटात बॅगनंतर दुखतं, करंगळीच्या बाजूला, ते जोर वाढला की वाढेल का?

जुना_वेल्टर

बॅगचं बरोबर पकडलंस. तू तिला ढकलतोयस, तो मारतोय. तुझा हात लागल्यावर पण तिथेच राहतो, म्हणून झोका. लागला की परत खेच. आणि पुढे पडतोयस म्हणजे अंतर चुकतंय, लांबून मारतोस, अर्धं पाऊल आत जाऊन मार. हे जमेपर्यंत बारला हात लावला नाहीस तरी चालेल, पण खरं सांगायचं तर दोन्ही एकत्र सुरू केलंस तर उलट बरं, पायाला जमीन ढकलायची सवय डेडलिफ्टमध्येही लागते.

डंबेल शॅडो: वजन खाली ओढतं, पंच समोर जातो. म्हणजे तू पंचला नाही, हात खाली न पडू देण्याला ट्रेन करतोयस. अर्धा-एक किलो घेऊन खांद्याचा दम वाढवायला एखादा राउंड ठीक, गार्ड वर राहतो. तीन-चार किलो घेऊन जोरात मारलंस तर कोपराचं वाटोळं, आणि पंचचा रस्ता पण बदलतो. पंचच्या रेषेत ओढ हवी असेल तर मागे केबल किंवा रबर बँड बांध, तोही हलका.

फिजिओताई

मनगटाबद्दल मी लिहिते, रोज हेच बघते. न तपासता निदान करणार नाही, पण करंगळीच्या बाजूला दुखतंय आणि ते बॅगनंतरच, तर पहिली शंका ही की पंच पहिल्या दोन बोटांच्या गाठींवर न बसता बाहेरच्या दोन बोटांवर बसतोय. तिथली हाडं बारीक असतात, मूठ चुकीची बसली की मोडू शकतात. बॅगवर मनगट आत वळतं का तेही त्याच व्हिडिओत दिसेल, कोपर बाहेर उघडत असेल तर नक्की वळत असणार. बँडेज बांधताना मनगटाला जास्त वेढे दे, पोरं सगळं कापड बोटांतच संपवतात. ग्लोव्ह भिजलेले असतात पावसात, पॅडिंग दबून गठ्ठा झालेला असतो, ते पण बघ.

आणि हो, जोर वाढला तर दुखणं वाढेल. पाय-कंबर वेटने भराभर तयार होते, मनगटाच्या स्नायूबंधांना त्याहून खूप जास्त वेळ लागतो. म्हणून पुल-अप, डेडलिफ्ट पट्टे न लावता कर, पकड त्यातच तयार होते. मुठीवर जोर काढायचे तर चटईवर, आधी गुडघे टेकून. वेट सुरू केल्यावर महिनाभर तरी बॅगवर फुल जोराचे राउंड कमी ठेव. आणि दुखणं दोन आठवड्यांत उतरलं नाही किंवा सूज दिसली तर फोरमवर विचारू नको, एक्स-रे काढ.

डिचोलीचा_साउथपॉ

ओके ताई. शेवटचं, कोचना सांगू की गुपचूप करू? सांगितलं तर क्लासमधून काढतील अशी भीती आहे.

निळा_कोपरा

सांग. स्पॅरिंग कुठल्या दिवशी ते तेच ठरवतात, त्यांना माहीत नसेल तर जड दिवसाच्या दुसऱ्याच दिवशी तुला ७१ वाल्या दादासमोर उभा करतील. सुरुवात वेटने करू नको. आधी व्हिडिओ दाखव आणि विचार सर माझी टाच का फिरत नाही. ते खूश होऊन अर्धा तास तेच शिकवतील. मग विचार, पायाची ताकद वाढवायला आठवड्याला दोन दिवस काही करू का, कुठले दिवस करू. दिवस त्यांनाच निवडू दे.

पात्रांव_म्हापसा

आणि बेंच प्रेसचं नाव त्यांच्यासमोर काढू नको.